उडून जातं त्याचा हिशेब

माझ्या वडिलांची पेटी कोलकात्यात घडलेली. पुण्याच्या घरात ती चाळीसएक वर्षं होती. 2009 मध्ये माझी बदली कोलकात्याला झाली तेव्हा आई म्हणाली, "ने तिला बरोबर, तिचंही माहेरपण होईल." खिदिरपूरला गोदीजवळच्या क्वार्टर्समध्ये आम्ही राहायला गेलो आणि पहिल्याच पावसाळ्यात पेटीच्या अंगावर पांढुरका थर चढला. वरचं झाकण हाताला चिकटू लागलं. हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासाच्या गणपतीत ती वाजवायची असं मी मनाशी धरलं होतं. ऑफिसातल्या एकाने ट्रामच्या टर्मिनसजवळच्या गल्लीतलं एका पॉलिश मिस्त्रींचं दुकान सांगितलं. सगळे त्यांना चाचा म्हणत. मीही तेच म्हणू लागलो.

दुकान जेमतेम दहा बाय बारा फुटांचं. पुढचं शटर पूर्ण वर, मागचं दार सताड उघडं आणि वाऱ्याच्या त्या वाटेवर कामाला घेतलेलं लाकूड. एका भिंतीशी चपड्याचं पोतं आणि काचेच्या बरण्यांची रांग. स्पिरिटचा डबा मात्र दुकानात नव्हता. तो मागच्या बोळात, दिवसभर सावली असलेल्या कोपऱ्यात, झाकणाच्या लोखंडी पेटीत कुलूपबंद असे. सकाळी चाचा त्यातून त्या दिवसापुरतं स्पिरिट एका बरणीत काढत, डब्याचं बूच घट्ट बसवत, बोटाने चाचपून बघत आणि मगच आत येत. हे सगळं ते इतक्या सहज करत की पहिले काही दिवस माझ्या ते लक्षातही आलं नाही. मी बघत होतो त्यांचा लाकडावरून फिरणारा हात.

पेटीच्या झाकणावर अंगठा घासून, तो हुंगून ते म्हणाले, "गालाच आहे बाबू. पण वरून कुणीतरी घाईने हात मारलाय." बंगालीत लाखेला गाला म्हणतात. लाख म्हणजे एका इवल्याशा किड्याने झाडाच्या कोवळ्या फांदीवर स्वतःभोवती केलेलं राळेचं कवच. पळस, बोर आणि कुसुम ही त्याची आवडती झाडं. फांदीवरून खरवडली ती काडीलाख, धुऊन घेतली तो लाखदाणा आणि वितळवून, ताणून पातळ केली की चपडा. आपल्याकडे गोंदिया-भंडाऱ्याच्या बाजूला पळसावरची लाख पूर्वापार काढली जाते. पण या व्यापाराची खरी पेठ कोलकाताच. पुरुलियातलं बलरामपूर, झालदा, पलीकडे रांचीचा मुलूख, इथला माल कोलकात्यात यायचा आणि बंदरातून जगभर जायचा. खिदिरपूरची गोदी सुरू झाली 1892 मध्ये. रांचीजवळ नामकुमला लाखेवर संशोधन करणारी संस्था निघाली 1924 मध्ये. सियालदहला 1908 मध्ये ग्रामोफोनच्या तबकड्यांचा कारखाना निघाला, त्या तबकड्याही लाखेच्याच. आपल्या आजोबांच्या पिढीने ज्या तबकड्यांवर नाट्यसंगीत ऐकलं, त्यांतही हीच राळ होती. वडिलांच्या पेटीवरची चमक आणि त्या तबकड्यांमधला सूर एकाच झाडाच्या फांदीवरून आलेला, हे मला खिदिरपूरच्या त्या दुकानात बसून कळलं.

लाख स्वभावाने गरीब. औषधाच्या गोळ्यांवरचं गुळगुळीत आवरण, गोळ्या-चॉकलेटांवरची चमक, अशा रूपात ती आपण खातोसुद्धा. लाक्षागृहाच्या गोष्टीमुळे लाख म्हटलं की आपल्या मनात आग येते. ती जळते हे खरं. पण पॉलिशच्या दुकानात भ्यायचं असतं ते लाखेला नव्हे, तिला विरघळवणाऱ्या द्रवाला. लाख पाण्यात विरघळत नाही. तिला स्पिरिट लागतं, म्हणजे इथेनॉल. पिण्याजोगं राहू नये म्हणून त्यात कडू आणि घाण वासाची द्रव्यं मिसळलेली असतात. एका लिटर स्पिरिटला दोन-अडीचशे ग्रॅम चपडा रात्रभर भिजत घालायचा, मधूनमधून हलवायचा, सकाळी मलमलीतून गाळून घ्यायचा. पुढच्या हातांसाठी तोच आणखी पातळ करायचा. सुती चिंध्यांची गद्दी करून ती लाकडावर फिरवत राहायची. स्पिरिट उडून जातं, लाख मागे राहते. पॉलिश म्हणतात ते एवढंच.

"स्पिरिट उडून जातं" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलं होतं. ते उडून कुठे जातं, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

माझ्या पेटीला, जुना थर काढण्यापासून शेवटच्या हातापर्यंत, सव्वा लिटर स्पिरिट लागलं. मागे राहिली ती वाटीत मावेल एवढी लाख. एक लिटर स्पिरिटची चारशे लिटरच्या आसपास वाफ होते. म्हणजे माझ्या एका पेटीपायी पाचशे लिटर वाफ त्या दुकानात सुटली. त्यातली काही बोळातून बाहेर गेली आणि काही चाचांच्या छातीत. मी पैसे मोजले ते राहिलेल्या लाखेचे. उडालेल्याचा हिशेब मी केला नव्हता, आणि कुठलंही गिऱ्हाईक तो करत नाही.

गणपती तोंडावर आले तरी पेटी होईना. श्रावणातली कोलकात्याची हवा पाण्याने भिजलेली असते. स्पिरिट उडताना लाकडाचा पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतलं पाणी धरतं आणि पॉलिश दुधाळ पडतं. चाचा एक हात देत, थांबत, दुधाळ दिसलं की काम बाजूला ठेवत. मी अधीर झालो होतो. म्हटलं, बरणी जरा कोमट करू, लाख लवकर विरघळेल. नाहीतर खोलीत शेगडी ठेवू, हवा कोरडी होईल. चाचांनी हातातली गद्दी खाली ठेवली. त्यांनी मला मागच्या दारात नेलं, बाटलीच्या बुचात चमचाभर स्पिरिट घेतलं, ते उंबऱ्याबाहेर जमिनीवर ठेवलं आणि लांब काडी पेटवून पुढे केली. काडी बुचाला टेकायच्या आधीच फक्क झालं. दुपारचं ऊन होतं. ज्वाला मला दिसलीच नाही. बुचावरची हवा नुसती थरथरत होती. चाचांनी त्यावर पत्र्याचा डबा पालथा घातला आणि म्हणाले, "दिसली का तुम्हाला?" मी नाही म्हटलं. "मलाही दिसत नाही. म्हणून शेगडी नको."

बाटलीजवळ हा प्रयोग कुणी करू नये. चाचांनीही तो पुन्हा केला नाही. पण त्या दिवसापासून मी वाचायला लागलो. ज्या तापमानाला द्रवावरची वाफ ठिणगीने पेट घेते, ते साध्या स्पिरिटच्या बाबतीत पंधरा-सतरा अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. म्हणजे कोलकात्यातल्या जानेवारीच्या पहाटा सोडल्या तर स्पिरिट वर्षभर पेटायला तयारच असतं. पाणी मिसळलं की भीती गेली, हाही समज खोटा. पाच भागांत एक भाग स्पिरिट उरलं तरी ते 36 अंशांना पेट घेऊ शकतं, आणि तेवढं तापमान आपल्याकडे चैत्र-वैशाखातली रोजची दुपार गाठते. वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, फरशीवरून सरपटते आणि पलीकडच्या खोलीतला गॅस, देवघरातली समई, फ्रिजची आतल्या आत पडणारी ठिणगी शोधत जाते. हवेत शंभरात तीन-सव्वातीन भाग वाफ झाली की ती पेटू शकते. एका लिटरची वाफ बारा घनमीटर हवा त्या पातळीला नेते, आणि घरातली लहानशी अडगळीची खोली साधारण एवढीच असते.

उन्हात ठेवून लाख विरघळवायची पद्धत अनेक ठिकाणी आहे. वीस अंशांना स्पिरिटच्या वाफेचा जो दाब असतो, तो चाळीस अंशांना तिपटीच्या घरात जातो. घट्ट बुचाची बाटली उन्हात ठेवणं म्हणजे तो दाब काचेवर सोपवणं. चाचा कधीच तसं करत नसत. ते चपडा खलबत्त्यात कुटून घेत. कुटलेला चपडा थंड स्पिरिटमध्येही रात्रीत विरघळतो. घाईवरचा उपाय त्यांच्याकडे होता; तो आगीतून जात नव्हता एवढंच.

त्या वर्षी गणपतीत मी दुसऱ्याची पेटी वाजवली. माझी मिळाली कोजागिरीच्या सुमाराला. आजही तिच्यात तोंड दिसतं.

पुढे मी दर शनिवारी चाचांकडे जाऊन बसू लागलो आणि तेव्हा कुठे त्यांचं लाकडाबाहेरचं काम मला दिसायला लागलं. तयार पॉलिश ते काचेच्या बरणीत ठेवत, लोखंडी डब्यात कधीच नाही. लाखेत आम्लं असतात, ती लोखंडाला लागली की पॉलिश काळवंडतं. प्रत्येक बरणीवर पांढऱ्या कागदाची पट्टी, तिच्यावर काय घातलंय ते आणि तारीख. लाख आणि स्पिरिट एकत्र राहिले की सावकाश एकमेकांत मुरतात. सहा-आठ महिन्यांनी ते पॉलिश नीट कडक होत नाही. म्हणून जुनी बरणी फर्निचरला लावायची नाही. लागेल तेवढंच भिजवायचं, कारण साठा जितका मोठा तितकी धास्ती मोठी. बूच उघडं राहिलं तर स्पिरिट हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पॉलिश पांढरं पडतं. त्याच उघड्या बुचातून वाफ बाहेर येते आणि माणसाच्या श्वासात जाते. मला यात एक मोठी गोष्ट सापडली. चांगलं काम आणि सुरक्षित काम या धंद्यात दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. ज्या हलगर्जीपणाने लाकूड बिघडतं, त्यानेच माणूस बिघडतो.

दुकानामागे भिंतीला एक तार ताणलेली होती आणि तिच्यावर चिंध्या वाळत घातलेल्या असत, एकेक सुटी, चिमट्याने अडकवलेली. गद्दी सरकावी म्हणून तिला जवसाचं तेल लावतात. ते तेल वाळताना हवेतला प्राणवायू घेतं आणि तापतं. चिंधी पसरलेली असेल तर ती उष्णता निघून जाते. तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर उष्णता आतच कोंडते आणि बोळा काही तासांनी आपोआप पेटतो. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. सगळे घरी गेल्यावर, रात्री. चाचांनी हे मला शब्दांत कधी सांगितलं नाही. दुकान बंद करताना ते तारेवरच्या चिंध्या मोजत, एवढंच मी पाहिलं.

शेजारी एका बंगाली कारागिराचं लेथचं दुकान होतं. सप्टेंबरच्या 17 तारखेला कोलकात्यात विश्वकर्मा पूजा असते. आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात तशी तिथे यंत्रं पुजली जातात. आकाशात पतंग असतात, दुकानादुकानांत मूर्ती बसते आणि नारळाच्या शेंड्यांच्या निखाऱ्यावर धूप घातलेली धुनुची फिरते. त्या दिवशी सकाळी सातला चाचा दुकानात आले, बोळातली लोखंडी पेटी त्यांनी उचलून गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, एका ओळखीच्या माणसाच्या आवारात नेऊन ठेवली आणि दिवसभर कामाला हात लावला नाही. शेजाऱ्याला त्यांनी धुनुची विझवायला सांगितलं नाही, त्याला काही कळवलंही नाही. संध्याकाळी प्रसाद घेतला आणि दुसऱ्या दिवशी पेटी परत आणली. शेजारधर्म म्हणजे काय याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

इतकं पाहूनही चूक माझ्याच हातून झाली. 2011 च्या उन्हाळ्यात मी क्वार्टरच्या बाल्कनीत एका लहान स्टुलाला पॉलिश करत होतो. उरलेलं स्पिरिट ठेवायला काही हाताशी नव्हतं, म्हणून शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत ओतलं आणि ओट्याखाली सरकवलं. दोन दिवसांनी शेजारचा सात वर्षांचा मुलगा खेळून घामाघूम होऊन आमच्या स्वयंपाकघरात आला, बाटली घेतली, बूच काढलं आणि तोंडाला लावता लावता नाक मुरडून थांबला. "काकू, हे खराब झालंय," तो म्हणाला. स्पिरिटमध्ये मुद्दाम मिसळलेल्या त्या घाण वासाने त्याला वाचवलं. मी त्या वेळी घरात नव्हतो. संध्याकाळी बायकोने सांगितलं तेव्हा मला उभं राहवेना. ती बाटली मी फेकली, पण ती अजूनही माझ्या डोळ्यांपुढे असते. तिच्यावर नाव होतं, आणि ते खोटं होतं. घातक वस्तूवर नाव नसणं वाईट. पण तिच्यावर गोड पेयाचं नाव असणं हा निव्वळ विश्वासघात. मुलाने बाटलीवर विश्वास ठेवला, आणि तो ठेवण्यात त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

त्याच वर्षीचा डिसेंबर कोलकाता विसरणार नाही. 9 तारखेच्या पहाटे ढाकुरियातल्या एका मोठ्या रुग्णालयाला आग लागली आणि नव्वदच्या आसपास माणसं गेली, बहुतेक धुराने गुदमरून. गाड्यांसाठी राखलेल्या तळघरात जळाऊ सामान साठवलेलं होतं, असं पुढे आलं. आठवडाही उलटला नाही तोच दक्षिण चोवीस परगण्यातल्या संग्रामपूर भागात विषारी दारूने माणसं पटापट पडू लागली. मृतांचा आकडा 170 च्या वर गेला. त्या दारूत मिथेनॉल होतं. एकाच आठवड्यात एकाच शहराने आणि त्याच्या उशाशी असलेल्या गावांनी दोन्ही धडे घेतले: वस्तू कशाशेजारी ठेवली आहे, आणि भांड्यात खरोखर काय आहे.

मराठी माणसाला हे धडे परके नाहीत. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट झाला. त्याच्या पोटात सुमारे 1,400 टन दारूगोळा होता आणि त्याच जहाजात कापसाच्या गासड्या आणि तेलाची पिंपं रचली होती. शेकडो माणसं मेली. त्यांत अग्निशमन दलाचे 66 जवान होते, आणि त्यांच्या स्मरणार्थ देशभर 14 एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. 2015 च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत मिथेनॉलच्या दारूने शंभरावर माणसं मेली. प्रमाण वेगळं, जागा वेगळ्या, पण प्रश्न तेच दोन.

संग्रामपूरच्या बातम्या येत होत्या, त्याच दिवसांत चाचांच्या दुकानात एक नवा डबा आला होता. सरकारी परवान्याचं स्पिरिट मिळायला त्रास, भाव जास्त. दुकानदाराने "तेच आहे, जरा स्वस्त" म्हणून हा दिला होता. त्याला स्पिरिटचा तो नेहमीचा घाण वास नव्हता, उलट मंद गोडसर वास होता, आणि चाचांच्या हाताखालचा पोरगा त्यावर खूश होता. पण दुपारनंतर दोघांचं डोकं ठणकू लागे, डोळ्यांना पाणी येई. मी थोडं माझ्या ओळखीच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांकडे नेलं. ते जवळजवळ सगळं मिथेनॉल निघालं.

लाख मिथेनॉलमध्येही छान विरघळते, आणि खरी अडचण तिथेच आहे. पॉलिश तसंच होतं, चमक तशीच येते, गिऱ्हाईकाला काही फरक कळत नाही. ज्वालाही निळसर आणि उन्हात न दिसणारी, म्हणून काडी लावून पारख करता येत नाही. फरक पडतो तो शरीरात. यकृत मिथेनॉलचं आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल करतं. हे आम्ल डोळ्याच्या नसेवर घाला घालतं. पोटात गेलं तर लक्षणं कित्येकदा बारा ते चोवीस तासांनी दिसतात, तोवर माणूस "मला काही झालं नाही" म्हणत राहतो. ते फक्त पिण्यानेच शरीरात जातं असं नाही. श्वासातून जातं, उघड्या कातडीतून मुरतं. कामाच्या हवेत दिवसभर किती वाफ चालावी याचे जे दंडक आहेत, त्यांत इथेनॉलला दहा लाख भागांत हजार भाग आणि मिथेनॉलला फक्त दोनशे. पॉलिश मिस्त्री तर आठ तास त्याच द्रवात भिजलेली गद्दी उघड्या बोटांत धरतो.

चाचांनी तो डबा तसाच परत केला. दुकानदाराशी भांडले नाहीत. परवान्याचं स्पिरिट आणायला ते लांब जाऊ लागले, पैसे जास्त पडू लागले, म्हणून कामाचा दर वाढवला. दोन-तीन जुनी गिऱ्हाईकं दुसरीकडे गेली. जाताना कुणी विचारलं नाही की दर का वाढला. विचारलं असतं तरी चाचा काय सांगणार होते? तुमच्या कपाटात ते दिसणार नाही, माझ्या डोळ्यांत दिसेल, असं गिऱ्हाईकाला सांगायचं कसं?

उडून जातं त्याचा हिशेब हा असा आहे. राहतं ते मालकाचं, उडतं ते कारागिराचं. स्वस्त स्पिरिटने वाचलेले पैसे गिऱ्हाईकाच्या खिशात राहतात आणि त्याचं मोल मिस्त्रीच्या छातीतून, डोळ्यांतून वसूल होतं. साठवणूक, बूच, चिठ्ठी, खिडकी यांना आपण काळजीचे बारीकसारीक नियम समजतो. मला ते न्यायाचे नियम वाटतात. ज्याचा फायदा आपल्याला होतो, त्याचा धोका दुसऱ्याच्या अंगावर जाऊ न देणं, इतकाच त्यांचा अर्थ आहे.

2014 मध्ये मी पुण्याला परतलो. मैदानातून खिदिरपूरला जाणारी 36 नंबरची ट्राम 2020 च्या अम्फान वादळानंतर बंद पडली. 2025 च्या जूनमध्ये खिदिरपूरच्या ऑर्फनगंज बाजाराला मध्यरात्री आग लागून शेकडो दुकानं जळाली, तेव्हा मी घाबरून चाचांना फोन लावला. त्यांची गल्ली त्या बाजारापासून दूर आहे. आता ते थकलेत, दुकान तो हाताखालचा पोरगा बघतो. "डबा कुठे असतो?" मी विचारलं. "बाहेर. कुलपात," ते म्हणाले. आणखी काही विचारायची गरज नव्हती.

आपल्याकडे लग्नसराईच्या, दिवाळीच्या आधी घराघरांत पॉलिशचं काम निघतं. मिस्त्री घरी येतात, आपण त्यांना एक खोली देतो, धूळ नको म्हणून दार लावून घेतो आणि मागितली की रिकामी पाण्याची बाटलीही देतो. यातलं प्रत्येक पाऊल चुकीचं आहे. खोलीच्या दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडा. काम चालू असेतोवर जवळचा गॅस आणि समई बंद ठेवा. स्पिरिटचा डबा मूळचाच असू द्या, त्यावरचं नाव स्वतः वाचा, त्यावर मिथेनॉल लिहिलं असेल तर तो परत पाठवा आणि परवान्याच्या स्पिरिटचे जास्तीचे पैसे आपण द्या. हातमोजे मागायची मिस्त्रींना भीड वाटते, ते आणून ठेवा. उरलेलं काहीही प्यायच्या, खायच्या भांड्यात ओतू देऊ नका. तेलाच्या चिंध्या रात्री घरात राहू देऊ नका. बाहेर एकेक पसरून वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा.

नीट केलेलं लाखेचं पॉलिश पन्नास वर्षं टिकतं. ते करणारा माणूसही टिकायला हवा. म्हणून पुढच्या वेळी मिस्त्री दारात आले की रंग कुठला काढणार हे नंतर विचारा. आधी विचारा, डब्यात काय आहे?